कायोटीच्या शिकारीत रायफल सगळ्यात शेवटी येते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओला नोकरीला आहात, एच-वन-बी व्हिसावर. टीममधल्या एकाच्या सासऱ्यांचं सॅन अँजेलोच्या पुढे मेंढ्यांचं रँच आहे. जेवताना ते म्हणाले, "कायोटींनी कोकरं धरलीत, हिवाळ्यात ये आणि मार चार-दोन." (कायोटी म्हणजे कोल्ह्या-लांडग्याच्या कुळातलं इथलं जनावर.) तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. मित्राबरोबर रेंजवर चार-पाचदा जाऊन आलात. आता पंधराशे डॉलरमध्ये कुठली रायफल, कुठला स्कोप, आणि आवाज काढणारं मशीन घ्यावं की तोंडाने वाजवायची शिट्टी, हे तुम्हाला हवंय.

मी त्याच पट्ट्यात, कॉन्चो नदीच्या आसपास, गेले 22 हिवाळे सावजाचे आवाज काढून कायोटी बोलावतोय. 'मारतोय' असं मुद्दाम म्हणत नाही, कारण दहा बैठकांपैकी सहा-सात वेळा कुणी येतच नाही, आणि आलेल्यातले निम्मे मला वास काढून परत जातात. रायफलचं उत्तर चार ओळींत संपतं, ते पुढे देतो. तुमच्या पत्रात त्याहून मोठे तीन प्रश्न दडलेत: तुम्हाला बंदूक हातात धरायची कायद्याने मुभा आहे का, दुसऱ्याच्या रानात वावरायचं कसं, आणि तुमच्यापेक्षा शंभर पटींनी चांगलं नाक असलेल्या जनावराला जवळ आणायचं कसं.

आधी व्हिसा. तुम्ही रेंजवर भाड्याची रायफल झाडलीत हे वाचून मी थबकलोच. इथल्या फेडरल कायद्यात नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला मुळातच मनाई आहे. एच-वन-बी, एच-फोर, एफ-वन, एल-वन सगळे त्यात आले. विकत घेणं सोडाच, मित्राची बंदूक हातात घेणंही 'बाळगणं' धरलं जाऊ शकतं. या मनाईला जे थोडे अपवाद आहेत, त्यातला आपल्या कामाचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेलं, मुदत न संपलेलं शिकारीचं लायसन्स. ते खिशात असेल तर तुम्ही रायफल घेऊ शकता आणि बाळगू शकता. दुकानात 4473 नंबरचा फॉर्म भरायला देतात, त्यात व्हिसाबद्दल आणि या अपवादाबद्दल सरळ प्रश्न आहेत. खरं लिहा आणि लायसन्सचा कागद बरोबर ठेवा. काउंटरवरच्या पोराला हा अपवाद माहीत असेलच असं नाही.

यात एक पाचर आहे. टेक्सासचं लायसन्स तुम्ही कधीही काढा, ते 31 ऑगस्टला संपतं. म्हणजे नवं काढायचं विसरलात तर 1 सप्टेंबरच्या पहाटे तुमच्या कपाटातली रायफल तुम्हाला गुन्हेगार ठरवू शकते. नवी लायसन्सं ऑगस्टच्या मध्याला विक्रीला येतात. ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत मी दरवर्षी कालनिर्णयवर 15 ऑगस्टला लाल गोल करायचो. बायको म्हणायची, झेंडावंदनाची एवढी आठवण कुणी ठेवत नाही. टेक्सासमध्ये सलग सहा महिने राहिला असाल तर रहिवाशाचं लायसन्स 25 डॉलरला मिळतं. तुमचा जन्म 2 सप्टेंबर 1971 किंवा त्यानंतरचा असणार, म्हणजे हंटर एज्युकेशनचा कोर्सही लागेल. मोठ्यांना तो ऑनलाइन करता येतो. माझं ऐकाल तर प्रत्यक्ष वर्गात बसा. तिथे रिकामी बंदूक हातात देऊन कुंपण ओलांडायला लावतात, आणि पहिल्या खेपेला आपण सगळेच चुकतो.

इमिग्रेशनच्या वकिलाला अर्ध्या तासाचे पैसे देऊन हे सगळं एकदा विचारून घ्या. मी शिकारी आहे, वकील नाही. शिवाय यातली चूक दंडावर भागत नाही, राहण्याच्या हक्काशी येऊन भिडते.

टेक्सासमध्ये कायोटीला बंद हंगाम नाही आणि किती मारावेत याला मर्यादाही नाही. तुमचे रँचवाले आजोबा कदाचित म्हणतील, "कायोटीला कसलं लायसन्स?" त्यांच्या जनावरांवर हल्ला करणाऱ्या किंवा नुकताच केलेल्या कायोटीपुरती तशी सवलत आहे खरी. पण तुमचं लायसन्स तुम्हाला बंदुकीसाठीही लागतं, तेव्हा त्या सवलतीवर विसंबू नका. आणि राज्य बदललं की नियम बदलतात. कॅलिफोर्नियात 2019 पासून कुठल्याही शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. काही राज्यांत रात्री दिवा लावून शिकार करता येत नाही, काहींत येते. त्यामुळे डॅलसच्या कुणाचा सल्ला डेन्व्हरला वापरू नये, माझाही.

आता रान. टेक्सासची जवळजवळ 95 टक्के जमीन खासगी आहे. इथे सगळं मालकाच्या शब्दावर चालतं. कुंपणाच्या खांबावर किंवा झाडावर जांभळ्या रंगाचा उभा पट्टा दिसला तर ती पाटीच समजा, आत पाऊल टाकायचं नाही. आपल्याकडे बांधावर दगड रोवतात तसलाच प्रकार, फक्त इथे त्याला कायद्याचं बळ आहे. तुमच्या पायांइतकंच तुमच्या गोळीलाही हे लागू आहे. शेजाऱ्याची लेखी संमती नसेल तर तुमची गोळी त्याच्या हद्दीत जाणं हाही गुन्हा आहे. मी पुढे सुचवतो त्या .223 रायफलची गोळी मोकळी सुटली तर मैलभर पुढेही जीव घेऊ शकते. म्हणून माझा नियम साधा: सावजामागे माती दिसत नसेल तर बार नाही. टेकाडाच्या माथ्यावर उभा असलेला कायोटी कितीही देखणा दिसला तरी तो माझ्यासाठी तिथे नसतो.

पहिल्या खेपेला रायफल नेऊच नका. आजोबांबरोबर त्यांच्या पिकअपमध्ये बसून दिवसभर फिरा. हद्दीचं कुंपण कुठून जातं, पाण्याची टाकी कुठे, कोकरं कुठल्या पॅडकमध्ये (कुंपण घातलेल्या कुरणात), तेलविहिरीच्या पंपावर माणूस कुठल्या वारी येतो, शेजारी कोण, आणि रानात कुत्री किती व कुठल्या रंगाची, हे विचारा. शेवटचा प्रश्न विसरू नका, त्याचं कारण पुढे सांगतो. फाटक उघडं मिळालं तर उघडं ठेवा, बंद मिळालं तर बंद करा. बऱ्याच जणांचं रान या एका गोष्टीवरून सुटलंय.

त्या फेरीत मेलेलं कोकरू दाखवायला सांगा. माझ्या पहिल्या वर्षी एका म्हाताऱ्या मेंढीवाल्याने हे मला दाखवलं, आणि मला वाटतं शिकारीतला माझा खरा पहिला धडा तोच. कोकरू कुशीवर पडलेलं, पोट फाडलेलं. मी म्हटलं, कायोटीच. तो काही बोलला नाही. खिशातला चाकू काढून त्याने मानेखालचं कातडं सोलून मागे दुमडलं. आत गळ्याशी दातांची भोकं होती आणि त्यांच्याभोवती काळंनिळं रक्त साकळलेलं. "जिवंत असताना चावलंय," तो म्हणाला, "हे कायोटीचं." मग पन्नास पावलांवरचं दुसरं कोकरू सोललं. तेही फाडलेलंच, पण कातड्याखाली रक्ताचा डाग नाही. ते थंडीने मेलं होतं, कायोटींनी नंतर खाल्लं. तिसऱ्या मेंढीचे कान आणि मागचे पाय ओरबाडलेले होते, जागोजाग, काही धरबंध नसल्यासारखे. ती गावातल्या मोकाट कुत्र्यांची करणी निघाली. तीन मढी आणि तीन वेगळी कारणं. मी तर तिन्हींसाठी कायोटीला फासावर दिला होता.

माझं बालपण माण तालुक्यात गेलं. धनगरांच्या वाड्यावर लांडग्याच्या नावाने असंच सगळं खपायचं. त्यामुळे त्या दिवशी जरा खजील झालो.

यावरून एक सांगून टाकतो, काही शिकारी मित्रांना आवडत नाही तरी. तुम्ही चार-दोन कायोटी मारलेत म्हणून टेक्सासमधले कायोटी कमी होणार नाहीत. कॅलिफोर्नियात 1975 साली केलेल्या एका गणिती अभ्यासातून असं निघालं, की दरवर्षी 75 टक्के कायोटी मारत राहिलं तरी त्यांचा निर्वंश व्हायला पन्नास वर्षं लागतील. विरळ झाले की उरलेल्यांना खाणं जास्त मिळतं, पिल्लं जास्त जगतात, बाहेरचे येऊन जागा भरतात. माळरानातलं हे जनावर लांडगे संपल्यावर पसरत पसरत हवाई सोडून प्रत्येक राज्यात पोचलंय. तुमच्याने होईल ते एवढंच: कोकरं जन्मण्याच्या महिन्यांत त्या एका पॅडकभोवती फिरणारी जोडी हलवायची. मेंढ्यांवर हात टाकणारी बहुतेक वेळा पिल्लं वाढवणारी जोडीच असते. आजोबांना उपयोग त्याचा आहे. "शंभर मारले" म्हणून फोटो टाकणाऱ्यांचा मेंढीवाल्याला काडीचा उपयोग नसतो.

आता जनावर. टीव्हीवर कायोटी म्हणतात, आमचा मेंढीवाला दोनच अक्षरांत 'काय-ओट' म्हणतो. मूळ शब्द मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेतला, कोयोट्ल. आपल्या कोल्ह्याहून मोठा, लांडग्याहून बराच लहान. आमच्या भागातला मोठा नर तीस-पस्तीस पौंडांच्या आत-बाहेर भरतो. हिवाळ्यातल्या केसांमुळे दिसतो मात्र दीडपट, आणि त्यामुळेच नवखे वर नेम धरून गोळी पाठीवरून काढतात. कोल्हेकुई ऐकून वाढलेल्या माणसाला त्याची हाळी ओळखीची वाटते. दोघं मिळून ओरडायला लागले की दहा असल्यासारखं वाटतं, तेव्हा आवाजावरून मोजणी करू नका.

शिकारीची सगळी मेख ही, की तो आवाजाला येतो पण आवाजावर विश्वास ठेवत नाही. सशाचं किंचाळणं ऐकून चौखूर धावत येईल, आणि शेवटच्या शे-दोनशे यार्डांत वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे वारा वाहत जातो त्या बाजूला जाईल, वास घेऊन खात्री करायला. तिथे त्याला तुमचा वास लागला की संपलं. डोळ्यांना तो कधी दिसलेलाच नसतो, म्हणून आपण म्हणतो "या रानात कायोटी नाहीत". माझा पहिला सबंध हिवाळा असा गेला. मी वारा पाठीवर घेऊन बसायचो, कारण समोरून थंडी लागायची. दुसऱ्या वर्षी एका मित्राला मागच्या टेकडीवर दुर्बीण देऊन बसवलं. संध्याकाळी तो हसत खाली आला. तीन कायोटी माझ्या समोरच्या मेस्कीटमधून आले होते, शंभर यार्डांवर थांबून नाक वर केलं होतं आणि शेपट्या खाली घालून निघून गेले होते. मी तिन्ही वेळा घड्याळ बघत होतो.

हे मेस्कीट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचंच गणगोत. काटा तितकाच वाईट, जाड पँट घाला.

बैठक कशी लावायची ते एका उदाहरणाने सांगतो. समजा सकाळ आहे, वारा उत्तरेचा. पिकअप पूर्वेला उंचवट्याच्या आड ठेवा, आकाशाच्या रेषेवर नको. दार आपटू नका, नुसतं टेकवा. तिथून तीन-चारशे यार्ड चालत या. झुडपाला पाठ लावून त्याच्या सावलीत बसा, तोंड नैऋत्येला. सूर्य मागे राहतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर पडतो. आवाजाचं मशीन असेल तर पश्चिमेला चाळीस-पन्नास यार्डांवर ठेवा. आता पश्चिमेकडून येणारा कायोटी मशीनच्या खालच्या अंगाला, म्हणजे बरोबर तुमच्या समोर वळसा घालतो, आणि तुमचा वास मात्र सरळ दक्षिणेला वाहून जात असतो. तो त्या पट्ट्यात शिरायच्या आत काय ते उरकायचं. यासाठी खालच्या अंगाची जागा उघडी हवी. तिथे दाट झाडी असेल तर जागा कितीही छान वाटो, उठा. वारा बघायला मी टाल्कम पावडरची चिमटी सोडतो. जुनी माणसं माती सोडायची, तीही चालते.

सुरुवात हळू आवाजाने करा, अगदी जवळ झोपलेला असेल तर बिचकू नये म्हणून. अर्धा-एक मिनिट सशाचं रडणं, मग गप्प. मग थोडं मोठ्याने. बहुतेक जण पहिल्या दहा मिनिटांत येतात. मी वीस मिनिटं बसतो आणि मग निदान अर्धा मैल सरकतो. येणारा धावत असेल तर झाडू नका, ओठांनी उंदरासारखं चुकचुका किंवा कुत्र्यासारखं एकदा भुंका. तो क्षणभर थांबतो. तो क्षण तुमचा.

आणि हालू नका. चेहरा आणि हात झाका, बाकी अंगावर छापील झाडं-पानं नसली तरी चालतं. गेल्या जानेवारीत पहाटे अशाच एका बैठकीला मशीनजवळ मी पिसांचा झुबका लावलेली हालती काडी रोवली होती. सातव्या मिनिटाला डावीकडून काहीतरी आवाज न करता आलं, काडीवर आदळलं आणि काडी घेऊनच वर गेलं. मोठं शिंगळं घुबड. दोनशे फुटांवर त्याने काडी टाकली. तिच्यामागे मेस्कीटच्या कडेला एक कायोटी बसून हा तमाशा बघत होता, किती वेळ ते देव जाणे. मी हसलो, खांदा हलला, तो गेला.

आता कुत्र्यांचं. सॅन अँजेलोच्या बाजूला मेंढ्यांबरोबर राखणीची कुत्री सोडलेली असतात. ग्रेट पिरेनीज पांढरी, ती ओळखू येतात. पण अॅनाटोलियन आणि त्यांच्या संकराची कुत्री फिकट तपकिरी असतात, तोंडाला काळी छटा. ती रात्रंदिवस कळपात राहतात, माणसाळलेली दिसत नाहीत, आणि सशाचा आवाज ऐकून बघायला येतात, कारण ते त्यांचं कामच आहे. माझा तिसरा हिवाळा होता. उजाडायच्या सुमाराला, धुक्यात, दीडशे यार्डांवर तपकिरी जनावर दुडकत आलं. कान उभे वाटले, शेपूट खाली. खटका काढला होता. स्कोपमधली नेमाची फुली छातीवर होती. बोट चापाच्या कड्याबाहेर होतं, केवळ सवयीने. ते वळलं तेव्हा मानेत नारिंगी पट्टा दिसला.

मी रायफल रिकामी केली आणि अर्धा तास तिथेच बसून राहिलो. ते कुत्रं येऊन माझे बूट हुंगून गेलं. संध्याकाळी मालकाला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "तिचं नाव रोझी आहे." पुढल्या खेपेला त्याने मला बोलावलं, त्याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

म्हणून बैठकीआधी कुत्र्यांचे रंग विचारायचे, आणि पूर्ण उजाडेपर्यंत 'कायोटीच असणार' या शब्दांना किंमत द्यायची नाही. रात्रीच्या शिकारीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढे मोह होईल. टेक्सासमध्ये खासगी जमिनीवर ती चालते, गेम वॉर्डनला (शिकारीचे नियम बघणाऱ्या अधिकाऱ्याला) आणि शेजाऱ्यांना आधी कळवणं शहाणपणाचं. उष्णता दाखवणारे थर्मल स्कोप हजारो डॉलरचे असतात, आणि त्यांत कुत्रं, वासरू, कायोटी सगळे पांढरे ठिपके. नारिंगी पट्टा थर्मलमध्ये दिसत नाही. दोन-तीन हिवाळे दिवसा काढा, मग बघा.

आलो एकदाचा तुमच्या प्रश्नावर. .223 रेमिंग्टन काडतुसाची, बोल्ट-अॅक्शन (दर गोळीला हाताने दांडा ओढून भरायची), तुमच्या खांद्याला बसेल ती. धक्का कमी, काडतुसं कुठेही मिळतात, आणि सराव परवडतो. .22-250 आणि .243 ही काडतुसं मोकळ्या, वाऱ्याच्या रानात दूरवर बरी, पण तुम्हाला पहिल्या वर्षी दोनशे यार्डांपलीकडे झाडायचंच नाहीये. पाच-सहाशे डॉलरपर्यंत चांगली रायफल येते. स्कोप तीन ते नऊ पटींचा, साधा, अडीचशेच्या आसपास. तो नेहमी सर्वात कमी पटीवर ठेवून बसा. नऊवर ठेवलात तर तीस यार्डांवर आलेला कायोटी नुसता केसांचा गालिचा दिसतो. 55 ग्रेन वजनाची गोळी दोनशे यार्डांवर शून्य केलीत, म्हणजे तिथे बरोबर नेमावर लागेल असा स्कोप लावलात, तर शंभरावर दीड-दोन इंच वर लागते आणि तीनशेवर सात-आठ इंच खाली पडते. कायोटीच्या छातीतली मर्माची जागा आमटीच्या वाटीएवढी. म्हणजे दोनशेपर्यंत सरळ छातीवर धरा, त्यापुढे सोडून द्या. दाट झाडीचं रान असेल तर बारा बोअरची शॉटगन जास्त कामाची, पण ती चाळीस यार्डांच्या आतच.

सराव रेंजच्या टेबलावर करू नका, तिथे सगळेच अर्जुन असतात. जमिनीवर मांडी घालून, शूटिंग स्टिक्सच्या दुबेळक्यात रायफल ठेवून, शंभर यार्डांवर दहापैकी नऊ गोळ्या वाटीच्या आत पडल्या की तुम्ही तयार. लायसन्स आल्यानंतर, अर्थात.

उरलेल्या पैशांत आधी कानांचे मफ घ्या, हळू आवाज मोठा करणारे आणि बार दाबणारे. मग बसायला जाड गादी, हे मी गंमत म्हणून सांगत नाही: बूड दुखलं की माणूस हालतो. रबरी हातमोजे. सप्टेंबर-ऑक्टोबरात जाणार असाल तर सापापासून वाचवणारी पायातली कवचं, कारण तेव्हा रॅटलस्नेक बाहेर असतात. मशीन पहिल्या वर्षी नसलं तरी चालेल. वीस डॉलरची तोंडाची शिट्टी घ्या आणि गाडीत एकटे असताना वाजवा. घरी नको, मी करून बसलोय. तिचा तोटा इतकाच की आवाज तुमच्याकडूनच येतो, म्हणून जरा जास्त गप्प बसावं लागतं.

'व्हार्मिंट' या शब्दाचा घोळ तुमच्या पत्रात दिसला, तो मोकळा करतो. तो शब्द उपद्रवी जनावरांना सैलपणे लावतात, प्रेअरी डॉग (नावाला कुत्रा, पण बिळात राहणारा खारीचा भाऊबंद), जमिनीतल्या खारी, जॅकरॅबिट नावाचे ससे वगैरे. त्यांची शिकार म्हणजे लांबून नेमबाजी, त्यात बोलावणं नसतं. सराव म्हणून लोक करतात. मला त्यात राम वाटत नाही, पण तुम्ही केलीत तर मेलेलं प्रेअरी डॉग उघड्या हाताने उचलू नका. त्यांच्या पिसवांतून प्लेगची लागण होऊ शकते.

हंगामाबद्दल. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्या वर्षीची पिल्लं पांगतात, भोळी असतात, नवख्याला तेव्हा यश मिळतं. जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीभर जोड्या जमतात. तेव्हा सशापेक्षा कायोटीची हाळी जास्त काम करते. गाभणकाळ 63 दिवसांच्या आसपास, म्हणून एप्रिलच्या सुमारास पिल्लं होतात. एप्रिल ते जुलै कायदा तुम्हाला अडवत नाही. मी स्वतः मात्र मेंढीवाल्याने सोलून दाखवलेलं कोकरू पाहिल्याशिवाय या महिन्यांत बसत नाही, कारण मादी मेली तर बिळात पाच-सहा पिल्लं उपाशी मरतात. तुम्ही तुमचं ठरवा.

मारलेल्या जनावराचं काय, हेही आधी ठरवा. कातडीचा बाजार पडलाय. जॅकेटच्या टोपीला कायोटीची झालर लावणाऱ्या बड्या कॅनेडियन कंपनीने 2021 साली फर सोडायचं जाहीर केलं, तेव्हापासून तर विचारूच नका. मी डिसेंबर-जानेवारीतली एखादी चांगली कातडी स्वतःसाठी काढतो. एरवी रानात गिधाडं आणि काराकारा नावाचे शिकारी पक्षी चट्टामट्टा करतात. म्हणून मी तांब्याची गोळी वापरतो. शिशाची गोळी आत फुटते आणि तिचे कण त्या पक्ष्यांच्या पोटात जातात. हातमोजे न विसरता घाला. 1990 च्या दशकात दक्षिण टेक्सासच्या कायोटींत रेबीजची साथ पसरली होती, इतकी की 1995 पासून राज्याने विमानातून लसीची आमिषं टाकायला सुरुवात केली. ती साथ आटोक्यात आली, पण दिवसाढवळ्या झिंगत चालणारं किंवा माणसाला न बिचकणारं जनावर दिसलं तर जवळ जाऊ नका.

गावच्या कुणाला ही हौस सांगितलीत तर "इकडेही ये, रानडुकरं फार झालीत" असं म्हणतील. तिकडे 1972 चा वन्यजीव कायदा आहे, आणि आपला कोल्हा आता त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिथे जाऊन हौस भागवायचा विचारही नको.

आता काय कराल? वकील आणि लायसन्स या महिन्यात. मग ऑक्टोबरात एक शनिवार-रविवार आजोबांकडे. पहिल्या दिवशी पिकअपमधून फेरी. दुसऱ्या दिवशी पहाटे शिट्टी, गादी आणि पावडरची बाटली घेऊन एकटे बसा, रायफलशिवाय. तीन बैठका करा, प्रत्येक वेळी वारा बघून. काय आलं, कुठल्या दिशेने आलं, आणि तुमचा वास लागला तेव्हा किती अंतरावर होतं ते वहीत लिहा आणि मला कळवा. कॅलिबरवर आपण त्यानंतर भांडू.